फटक्यापूर्वीचा अर्धा तास
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला व्याख्यान ठेवायचे म्हणजे विषय बहुधा ठरलेले असतात. आहार, आरोग्य, बालसंगोपन, फार तर बचत गटाचा हिशेब. यंदा कार्यवाह वहिनींनी मला 'मुलींचा खेळ' एवढाच विषय दिला आणि वर 'बाई, जरा उपयोगाचे बोला हं' अशी प्रेमळ ताकीदही दिली. त्या ताकिदीला जागून मी आज खेळाचे गोडवे गाणार नाही. खेळाने शरीर सुदृढ होते आणि मन प्रसन्न राहते, हे तुम्ही शाळेच्या स्नेहसंमेलनात दरसाल ऐकताच. मला बोलायचे आहे ते सॉफ्टबॉल खेळणाऱ्या मुलीच्या हाती बॅट येण्यापूर्वीच्या अर्ध्या तासाविषयी. हा अर्धा तास माझ्या ताब्यात नसतो, तुमच्या ताब्यात असतो. म्हणून हा विषय शिक्षकांच्या सभेत न मांडता तुमच्यापुढे मांडते आहे.

पुष्कळ जणींनी हा खेळ पाहिला नसेल, म्हणून दोन शब्द त्याविषयी. सॉफ्टबॉल हा बेसबॉलचा धाकटा भाऊ. १८८७ साली अमेरिकेतील शिकागो शहरात एका बोट क्लबच्या बंदिस्त दिवाणखान्यात तो जन्माला आला. मुष्टियुद्धाचा एक हातमोजा दोरीने आवळून चेंडू केला आणि झाडूचा दांडा झाली बॅट. आपल्या पोरांनी अंगणात विटी-दांडू मांडावा तितक्याच सहज. पुढे नियम झाले आणि जगभर, विशेषतः मुलींमध्ये, हा खेळ पसरला. आपल्याकडे भारतीय सॉफ्टबॉल संघटना १९६१ साली स्थापन झाली आणि आज शालेय स्पर्धांत तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्यांनी मुली खेळतात. नावात 'सॉफ्ट' असले तरी चेंडू मऊ नसतो, हे ज्यांच्या मुलींच्या पोटरीवर निळे डाग उमटले आहेत त्या माउलींना सांगायला नको.

प्रत्येक बाजूला नऊ मुली. डाव सात. फेकणारी, जिला आम्ही पिचर म्हणतो, ती हात खालून गोल फिरवून चेंडू सोडते. मुलींच्या मोठ्या गटात पिचर आणि बॅटवाली यांच्यात ४३ फुटांचे अंतर असते, म्हणजे सुमारे १३ मीटर. आता नुसता हिशेब करून पाहा. चेंडूचा वेग ताशी ७० किलोमीटर धरला, तर तो पाऊण सेकंदाच्या आत बॅटवालीपाशी येऊन ठेपतो. जागतिक दर्जाच्या पिचरचा चेंडू याहून पुष्कळ वेगवान, तो अर्ध्या सेकंदातच येतो. एवढ्या अवकाशात मुलीने चेंडू पाहायचा, मारायचा की सोडायचा हे ठरवायचे आणि बॅट फिरवायची. तीन वेळा चुकली की बाद. क्रिकेटसारखे पहिली दहा षटके नजर बसवण्याची चैन इथे नाही. एका सामन्यात एका मुलीची बॅटीची पाळी तीनदा, फार तर चारदा येते. त्यातली पहिली पाळी अंग थंड असताना गेली, तर तिचा तिसरा हिस्सा सामना गेला म्हणायचा.

आता मुद्द्यावर येते. खेळापूर्वी अंग गरम करणे, ज्याला मुली 'वॉर्म-अप' म्हणतात, त्याची आपल्या घरांतून फार हेटाळणी होते. 'सामना नऊला आहे ना, मग आठला कशाला बोलावता? पोरगी आधीच धावून दमली तर खेळणार काय?' हा प्रश्न मला इतक्या वेळा विचारला गेला आहे की त्याचे उत्तर आज एकदाच सर्वांसमक्ष देते.

स्नायू थंड असताना आखडलेला असतो. अंग हलू लागले की त्यात रक्त अधिक येते, त्याचे तापमान वाढते आणि गरम स्नायू लवकर आकुंचन पावतो. शरीरशास्त्रज्ञांनी हे मोजले आहे: स्नायूचे तापमान एका अंशाने वाढले तरी झटक्याच्या कामातली त्याची शक्ती काही टक्क्यांनी वाढते. बॅटीचा फटका हे तर निव्वळ झटक्याचेच काम. परंतु तुम्हाला शास्त्रज्ञांची साक्ष कशाला हवी? आपल्या मुळशीत भात झोडताना काय होते ते आठवा. सकाळी थंडीत खळ्यावर उभे राहिले की पहिल्या चार-सहा पेंढ्यांना हात चालत नाहीत, खांदा कुरकुरतो, दाणा पुरता सुटत नाही. मग अंगाला लय सापडते आणि त्याच हातांनी दुपारपर्यंत उडवी रिकामी होते. त्या पहिल्या पेंढ्या तुम्ही दमून झोडल्या असे कोणी म्हणते का? मुलीच्या वॉर्म-अपचेही तसेच आहे. मात्र खळ्यावर पहिल्या सहा पेंढ्या पुन्हा झोडता येतात. मैदानावर पहिले तीन चेंडू गेले की गेले.

झोडणीचा दाखला मी आणखी एका कारणासाठी दिला. बॅटीचा फटका हातांनी मारायचा असतो असे नव्या मुलींना वाटते. वस्तुतः तो पायांतून निघतो, कमरेतून वळतो आणि खांद्यावरून शेवटी मनगटात येतो. पेंढी डोक्यावरून आणून आपटणाऱ्या बाईच्या टाचा, कंबर आणि पाठ कशा एका ओळीत कामाला लागतात, ते मी मुलींना मुद्दाम पाहायला सांगते. ज्या मुलीने घरी आजीबरोबर जात्याचा खुंटा धरला आहे तिला कमरेतून वळणे शिकवावे लागत नाही. अशा मुली आता थोड्या उरल्या आहेत, हा भाग निराळा.

तर आमच्या मुली काय करतात ते सांगते. आधी पाच-सात मिनिटे हलके धावणे, इतके हलके की शेजारणीशी बोलता यावे. मग चालत चालत गुडघे वर घेणे, टाच मागे आपटणे, मोठी पावले टाकून खाली वाकणे, आडवे सरकणे. हात खांद्यातून गोल फिरवणे, कमरेतून दोन्ही बाजूंना वळणे. मुलींना कंटाळा आला की मी झिम्मा आणि फुगडी घालायला लावते. हसू नका, मंगळागौरीचे खेळ हे उत्तम वॉर्म-अप आहेत. पिंगा घातलेल्या बाईच्या कपाळावर घाम येतो, गुडघे आणि घोटे मोकळे होतात आणि वर हसून हसून मनावरचे दडपणही उतरते. रात्रभर मंगळागौर जागवणाऱ्या आपल्या आज्यांना कोणी व्यायामशाळेत पाठवले नव्हते.

एक गोष्ट मात्र आम्ही मुद्दाम टाळतो. पूर्वी शाळांतून खेळाआधी एका जागी बसून पाय लांब करून पायाची बोटे धरायची आणि तसेच ताणून बसायचे, अशी सर्वत्र रीत होती. अलीकडच्या पंचवीस-तीस वर्षांत यावर पुष्कळ प्रयोग झाले. त्यांत असे आढळले की एकेक स्नायू मिनिटाहून अधिक वेळ ताणून धरला, तर लगेच नंतरच्या झटक्याच्या कामात त्याची ताकद थोडी उतरते. ताणणे वाईट नव्हे. ते खेळ संपल्यावर, घरी जाण्यापूर्वी, सावकाश करावे. खेळापूर्वी मात्र अंग हलवत हलवतच मोकळे करावे.

आता बॅटीविषयी. मुली मोबाइलवर परदेशातील सामने पाहतात. त्यांत बॅटवाली आपली पाळी येण्यापूर्वी बॅटीवर एक जड कडे चढवून ती हवेत फिरवताना दिसते. या कड्याला 'डोनट' म्हणतात. न्यूयॉर्क यँकीज या बेसबॉल संघाचा कॅचर एल्स्टन हॉवर्ड याने १९६० च्या दशकात ते लोकप्रिय केले. त्यापूर्वी खेळाडू दोन-दोन, तीन-तीन बॅटी एकत्र धरून फिरवीत. कल्पना सोपी आहे: जड फिरवून मग हलके घेतले की हात भराभर चालेल. आमच्या मुलींनीही मला गळ घातली, 'बाई, ते कडे मागवा ना.' किंमत पाहिली आणि मी आधी वाचायचे ठरवले.

वाचले ते फार मजेचे निघाले. हवाई विद्यापीठातील कूप डेरेन यांनी या विषयावर पुष्कळ काम केले. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात असे दिसले की ज्या बॅटीने खेळायचे तिच्याच वजनाच्या, किंवा सुमारे दहा-बारा टक्के कमी-अधिक वजनाच्या, बॅटीने हात मोकळे केले तर फटक्याचा वेग चांगला राहतो. जड कड्याची बॅट फिरवणाऱ्यांचा वेग उलट उतरला. २००२ साली जपानी संशोधकांनी आणखी पुढची गोष्ट दाखवली. जड बॅट फिरवून झाल्यावर खेळाडूंना आपली नेहमीची बॅट हलकी लागली, आपण वेगाने फटका मारतो आहोत असेही वाटले; आणि प्रत्यक्ष मोजल्यावर पहिला फटका सुमारे ३ टक्क्यांनी मंद निघाला!

भगिनींनो, यात आपल्याला नवल वाटण्यासारखे काय आहे? डोक्यावरचा गवताचा भारा उतरवून ठेवला की आपण जणू उडत चाललो आहोत असे वाटते. पण तेव्हा आपण खरेच भरभर चालत असतो का? तसे मुळीच नसते. मान मोकळी झाल्याचा तो भास असतो. बॅटीचेही तेच. आणि ३ टक्के म्हणजे काय मोठेसे, असे म्हणू नका. फटक्याला सेकंदाच्या पाचव्या हिश्श्याइतका वेळ लागतो असे धरले, तर ३ टक्क्यांच्या उशिरात ताशी ७० किलोमीटरचा चेंडू जवळजवळ अर्धी वीत पुढे सरकलेला असतो. बॅटीची जाडी जास्तीत जास्त सव्वादोन इंच. अर्ध्या वितीची चूक तिला कोठून पोसणार?

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. डेरेन यांचे ते काम बेसबॉल खेळणाऱ्या मुलांवरचे. कॉलेजात सॉफ्टबॉल खेळणाऱ्या मुलींवर अमेरिकेतच जो प्रयोग झाला आणि २०१२ साली प्रसिद्ध झाला, त्यात निरनिराळी वजने व साधने वापरून पाहिली, तर फटक्याच्या वेगात म्हणण्यासारखा फरकच आढळला नाही. म्हणजे कोणी म्हणते कडे नुकसान करते, कोणी म्हणते काही फरक पडत नाही. फायदा झाल्याचे मात्र या प्रयोगांपैकी एकातही दिसले नाही. माझ्यासारख्या काटकसरी बाईला एवढे पुरे आहे. कडे मागवले नाही. त्या पैशांत आणखी दोन चेंडू आले. पाळीपूर्वी मुलगी आपलीच बॅट घेते, आधी सावकाश आणि मग पुऱ्या जोराने आठ-दहा वेळा फिरवते, आणि आत जाते.

जड मुदगल फिरवणाऱ्या आपल्या पैलवानांचे काय, असे मला एका काकांनी विचारले होते. मुळशी म्हणजे तालमींचा मुलूख, तेव्हा प्रश्न रास्त होता. मुदगल ही रोजच्या मेहनतीची गोष्ट आहे. महिनोन् महिने फिरवून खांदा तयार होतो, त्याला माझी ना नाही. पण कुस्तीला हलगी वाजत असताना कोणी पैलवान बाजूला मुदगल घेऊन बसतो का? मेहनत वेगळी आणि खेळाच्या तोंडावरची तयारी वेगळी, एवढेच माझे म्हणणे.

बॅट फिरवण्याइतकीच महत्त्वाची नजरेची तयारी. चेंडू डोळ्यांनी पकडणे हेही गरम व्हावे लागते. आम्ही एक मुलगी बाजूला बसवून हळू चेंडू वर टाकायला लावतो आणि दुसरी तो जाळीत मारते. जाळी म्हणजे आंब्याच्या बागेतली जुनी जाळी. ज्या स्टँडवर चेंडू ठेवून मारायचा असतो तो एका वडिलांनी बांबूच्या तुकड्याला रबरी नळी लावून करून दिला आहे, आणि विकतच्यापेक्षा तो जास्त टिकला आहे. त्यानंतर पिचरचे पाच-सात चेंडू नुसते पाहायचे, बॅट न फिरवता. हे पाहणे मुलींना रिकामपणाचे वाटते. माझ्या मते सर्व तयारीत तेच सर्वांत मोलाचे आहे.

आणि तयारी एकदा केली की दिवसभर पुरते, असेही नाही. हे सॉफ्टबॉलचे खास दुखणे आहे. बॅटीचा क्रम नऊ जणींचा. नववीची पाळी येईपर्यंत ती बाकावर वीस-पंचवीस मिनिटे बसून राहते आणि तेवढ्यात अंग पुन्हा निवते. चहा गरम करून ठेवला आणि तासाने प्याला, तर तो गरम चहा म्हणायचा का? म्हणून आपल्या आधीच्या दोघी उरल्या की मुलीने उठायचे, जागच्या जागी पळायचे, वळायचे, बॅट फिरवायची. डिसेंबरात पौडच्या बाजूची सकाळची थंडी तुम्हाला माहीतच आहे. पाळी येईपर्यंत स्वेटर अंगातून काढायचा नाही, असा माझा सक्त नियम आहे. मुलींना गणवेश दाखवायचा असतो. मी दाखवू देत नाही.

आता ज्या गोष्टीसाठी मी खरे तर उभी राहिले ती सांगते. आमच्या संघात एक मुलगी आहे. तिच्या आईच्या परवानगीने सांगत आहे, नाव सांगत नाही, आणि कृपा करून तुम्हीही ओळखण्याचा खटाटोप करू नका. हाताला विलक्षण जोर. सरावात तिचा चेंडू कुंपणापलीकडे भातखाचरात जातो आणि मग सगळ्या मिळून शोधतात. पण सामन्यात तिची पहिली पाळी नेहमी फुकट. तिन्ही चेंडूंवर बॅट उशिरा. दुसऱ्या-तिसऱ्या पाळीला मात्र तीच मुलगी दणदणीत मारते. सोबतिणी तिला 'घाबरट' म्हणू लागल्या. हळूहळू तिलाही तसेच वाटू लागले, आणि मुलीला एकदा आपण घाबरट आहोत असे वाटले की ते काढायला वर्ष लागते.

गेल्या वर्षी ती निवड चाचणीला गेली. प्रत्येकीला दहा चेंडू. पहाटे उठून तिने पाणी भरले, भाकऱ्या थापल्या, धाकट्या भावाचा डबा केला, एसटीत उभ्याने तासभर प्रवास केला आणि नाव पुकारले जात असतानाच मैदानात पाय ठेवला. बॅट घेतली ती थेट उभी राहिली. दहातले सात चेंडू तिने नुसते हवेत मारले. शेवटचे तीन मात्र लांब गेले. तोवर निवडणाऱ्यांची मान वहीत गेली होती. त्यांना दोष देत नाही, त्यांच्यापुढे कितीतरी मुली रांगेत होत्या आणि कोणती मुलगी कधी उठली हे त्यांच्या कागदावर लिहिलेले नसते.

मी तिच्या घरी गेले. आई म्हणाली, 'अहो बाई, तिच्या नशिबातच नाही.' मी म्हटले, 'वहिनी, नशिबाचे मला कळत नाही. तिला एक तास द्या.' बराच वेळ ती माउली काही बोलली नाही. मग म्हणाली, 'पाणी भाऊ भरील.' तो भाऊ बारा वर्षांचा आहे आणि सामन्याच्या दिवशी खरेच पाणी भरतो. थोडी कुरकुर करतो, एवढेच. गेल्या काही सामन्यांत ती मुलगी सर्वांच्या आधी मैदानावर येते, आधी डबा खाते, मग धावते. तिच्या पहिल्या पाळ्या आता फुकट जात नाहीत. यंदाची चाचणी पुढल्या महिन्यात आहे. तिची निवड होईलच असे मी म्हणणार नाही, तिच्यापेक्षा सरस मुली या जिल्ह्यात आहेत. पण हरली तर ती गरम अंगाने आणि उघड्या डोळ्यांनी हरेल.

वॉर्म-अपचा दुसरा उपयोग दुखापतीसंबंधी आहे, आणि आयांना तो अधिक पटावा. वळणे, थांबणे आणि उडी घेणे ज्या खेळांत आहे, त्यांत गुडघ्याच्या आतला अस्थिबंध तुटण्याचा धोका वयात येणाऱ्या मुलींना मुलांपेक्षा जास्त असतो. स्वीडनमध्ये बारा ते सतरा वर्षांच्या साडेचार हजारांवर फुटबॉल खेळणाऱ्या मुलींवर एक मोठा प्रयोग झाला. २०१२ साली त्याचा निकाल प्रसिद्ध झाला. आठवड्यातून दोनदा, पंधरा मिनिटे, गुडघा सरळ रेषेत ठेवून वाकणे, एका पायावर तोल सांभाळणे, नीट उडी मारून नीट उतरणे असा सराव ज्यांनी केला, त्यांच्यात ही दुखापत ६४ टक्क्यांनी कमी झाली. फुटबॉल निराळा आणि सॉफ्टबॉल निराळा, हे खरे. परंतु गुडघा तोच आहे. शस्त्रक्रियेचा खर्च आणि मुलीचे बुडालेले वर्ष यांच्यापुढे पंधरा मिनिटे काय मोठी?

या सभेत पुरुष मंडळी नाहीत, म्हणून आणखी एक मोकळेपणाने बोलते. पाळीच्या दिवसांत मुलीला मैदानावर पाठवावे की नाही, हे मला दबक्या आवाजात विचारले जाते. तिला बरे वाटत असेल तर अवश्य पाठवावे. खेळल्याने काही अपाय होत नाही. हलक्या व्यायामाने पुष्कळ जणींच्या पोटातली कळ कमीच होते. फार त्रास होत असेल तर तिने मला सांगावे आणि बसावे, एवढी सूट तिला आहे. मात्र एखादी मुलगी नुसत्या वॉर्म-अपनेच धापा टाकू लागली, तर तिला आळशी म्हणू नका, तिचे रक्त तपासून घ्या. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या निम्म्याहून अधिक बायकांत रक्तक्षय आढळला आहे. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची गोळी मुली दप्तरात टाकून देतात. ती पोटात जाते की नाही, हे पाहणे आईच्या हातात आहे. आणि उपाशीपोटी पाठवू नका. सामन्याच्या दोन तास आधी भाजी-भाकरी, आणि निघताना पिशवीत एक केळे.

'मुलगी आता सोळाची झाली, किती दिवस खेळणार?' या प्रश्नाला मी एक जपानी नाव सांगत असते. युकिको उएनो. २००८ साली बीजिंग ऑलिंपिकमध्ये या पिचरने दोन दिवसांत ४१३ चेंडू टाकले आणि जपानला सुवर्णपदक मिळवून दिले. नंतर सॉफ्टबॉल ऑलिंपिकमधून वगळला गेला. तो पुन्हा आला टोकियोच्या स्पर्धांत, ज्या २०२१ साली झाल्या. तेव्हाही जपानने अमेरिकेला २-० ने हरवून सुवर्ण घेतले, आणि अंतिम सामन्यात चेंडू टाकायला उएनो होतीच. वय ३९. आता २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये हा खेळ पुन्हा आहे. आपल्या मुली तेथे जातील असा डांगोरा मी पिटणार नाही. परंतु १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभारलेले म्हाळुंगे-बालेवाडीचे क्रीडासंकुल आपल्या तालुक्याच्या उंबरठ्यावर आहे, आणि तेथवर जाणे काही अशक्य नाही.

माझ्या मागण्या तीन आहेत. पहिली, सामन्याच्या आणि चाचणीच्या दिवशी खेळणाऱ्या मुलीला सकाळच्या कामातून मोकळे ठेवावे. वर्षाकाठी असे दिवस दहा-बाराच येतात. दुसरी, मंडळाच्या सभागृहामागचे पटांगण शनिवारी सकाळी साडेसहा ते आठ मुलींना मिळावे. पावसाळ्यात शाळेच्या मैदानात गुडघाभर चिखल होतो आणि पटांगणाला फरशी आहे. झाडलोट मुली करतील. तिसरी मागणी जरा धीट आहे. येत्या शनिवारी तुमच्यापैकी ज्यांना जमेल त्यांनी स्वतः यावे. धावावे लागणार नाही, झिम्मा घालावा लागेल. मग प्रत्येकीने पाच चेंडू मारून पाहावेत. बॅटी चार आहेत, चेंडू आठ. साडीचा पदर खोचून या आणि चपला नकोत, बूट असतील तर उत्तम. कार्यवाह वहिनींनी आपले नाव पहिले लिहा असे आताच मला खुणेने सांगितले आहे, ते मी वहीत लिहून घेतले. बाकीच्यांनी चहाच्या वेळी माझ्याकडे नावे द्यावीत.